कारणाचा रकाना

काटोल रोडच्या पलीकडे, प्लॉट सात.
मक्याच्या पानाखाली करड्या लवेची एक चकती,
बंद पंख्याच्या पात्यावर साचते तेवढीच.
भिंगाखाली मोजली: एकशे चौऱ्याऐंशी अंडी.
मारायची नाहीत, वाचवायची नाहीत.
मोजायची.
साहेबांनी एवढंच सांगितलं
आणि पेन्सिल दिली; शाई पावसात फुटते.

ही अळी इथली नव्हे.
समुद्र ओलांडून आली तेव्हा
तिला ओळखणारं, म्हणजे खाणारं,
इथे कुणी नव्हतं.
आता तिच्या कपाळावरचा उलटा वाय
आणि शेपटाकडचे चौकोनातले चार ठिपके
निंदायला येणाऱ्या रत्नमाला मेश्रामलाही पाठ आहेत.
"आली पाहा तुमची पाव्हणी,"
ती पान उलटून दाखवते.

दुसऱ्या दिवशी एकोणतीस अंडी काळी.
पूर्णविरामाएवढी एक माशी
त्यांत आपली पोरं ठेवून गेली होती.
माशी इथलीच. हा नवा घास तिला
कुणी चाखायला शिकवला,
याला वहीत जागा नाही.

उरलेल्या फुटल्या, धागे सोडून लोंबल्या.
वायुसेनानगरावरून वारा आला,
एक्याण्णव गेल्या.
"बेपत्ता," मी लिहिलं.
साहेब म्हणाले, बेपत्ता म्हणजे मेलेल्याच धरा.
मी धरल्या.

नागपंचमीच्या रात्री पोंगे काठोकाठ भरले.
सकाळी तेवीस तरंगत होत्या,
कापलेल्या नखांसारख्या.
कारण: पाऊस.
सगळ्यात स्वच्छ नोंद हीच.

मग ते.
एका पोंग्यात एकीचीच जागा असते.
दुसरी आली की मोठी तिला डोक्याकडून खाते,
सावकाश, मक्यासारखीच.
"आपसात" असं लिहिलं, खोडलं,
"स्वजातिभक्षण" लिहिलं.
शब्द मोठा केला की हात थरथरत नाही.
एकोणतीस. पुन्हा एकोणतीसच;
दोनदा बेरीज तपासली.

बारा उरल्या.
आठवडाभर आभाळ उतरून शेतावर बसलेलं.
त्यातल्या आठ पानाला घट्ट धरून ताठ झाल्या,
आधी पांढऱ्या, मग फिकट हिरव्या,
खडूच्या पुडीसारख्या.
हात लावला तर बुरशी बोटावर आली.
मी ते बोट पुसलं नाही,
शेजारच्या झाडाला लागू दिलं का,
हे विचारू नका.
मोजणाऱ्यानं असं करायचं नसतं.

चौघी मातीत शिरल्या.
एकीला साळुंकीनं उकरलं, माझ्यासमोर,
आणि माझ्याकडे बघत गिळलं.

दुपारी बांधावर डबा उघडून
रत्नमालाला सांगितलं:
एका जोडीमागे दोन उरले
तर संख्या तेवढीच राहते,
तीन उरले की वाढ.
तिनं चटणी पुढे सरकवली.
"माह्या मायले सात झाले जी.
मी अन् भाऊ, दोघं उरलो.
म्हणजे बराबर झालं म्हना."
थोड्या वेळानं, भाकर मोडत:
"पन कारन कोन लिहून ठेवते?"
वही माझ्या मांडीवर उघडी होती.
मी ती मिटली. तिनं पाहिलं.

पोळ्याला एक पतंग बाहेर आला.
रात्रीतून दुसरा.
पंख वाळेस्तोवर जाळीला धरून बसले,
मातकट, कुणाच्याही दिव्यावर येतील असे.
दोघं.
बरोबर.

आज मारबत. रत्नमाला सुट्टी घेऊन
नातवाला खांद्यावर बसवून इतवारीत गेली आहे.
जाताना म्हणाली, तुमच्यासाठी बी वरडतो:
ईडा पीडा, खासी खोकला, अळी-बिळी
घेऊन जा गे मारबत!
मी हसले. मला असं काही मागता येत नाही.
आत्ता तिकडे पुतळा जळत असेल,
पोट्टे घसा फाटेस्तोवर ओरडत असतील.

इथे जाळीखाली
मातीत तिसरा कोष अजून तसाच,
तपकिरी, खजुराच्या बीएवढा.
वार उलटून गेला आहे.
पेन्सिल कारणाच्या रकान्यावर टेकवली,
"अज्ञात"मधला अ काढला,
आणि नियमाप्रमाणे
एकदा बोट लावून पाहिलं.

शेपूट हललं.